दुपारपर्यंत प्लग लावायचा नाही

सकाळी ९

चिकपेट मेट्रोच्या जिन्यावरून वर आलं की या वेळी साड्यांची दुकानं अर्ध्या शटरवर असतात. पोरं दुकानापुढचा फूटपाथ झाडतात, हमाल गठ्ठे उतरवतात, हॉर्न अजून सुरू झालेले नसतात. माझी खोली पहिल्या मजल्यावर, एका रेशमाच्या गोदामाच्या डोक्यावर. लाकडी टेबल, पायाखाली रबरी चटई, भिंतीवर दोन सॉकेट. एकात लाइन थेट येते, दुसऱ्यात शंभर वॅटच्या बल्बमधून. आजच्या कामाला हे दुसरं सॉकेट लागणार, आणि तेसुद्धा जेवणानंतर.

अॅम्प्लिफायर कालच येऊन पडलाय. व्हॉल्व्हचा, मोनो, पुढच्या पट्टीवर ‘३० वॅट’ एवढंच लिहिलेलं. कंपनीचं नाव नाही. बळेपेटेतल्या एका मराठी घरातला. या पेटांमधल्या शिंपी-भावसार घरांत अजून मराठी बोलतात. १६३८ नंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली, तेव्हापासून मराठी माणूस इथे नवखा राहिलेला नाही. त्या घरातल्या आजींच्या यजमानांचा लग्नकार्याला, उत्सवाला माइक-स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. यजमान गेले, धंदा त्यांच्याही आधी गेला, डबा माळ्यावर राहिला. आता एका हौशी माणसानं तो मागितलाय.

आजी पुतण्याला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “एकदा प्लग लावून बघा ना. चालतो की नाही लगेच कळेल.”

“आजी, लगेच कळतं हीच तर अडचण आहे. खराब असला तर कळेपर्यंत ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो.”

“मग?”

“संध्याकाळी फोन करतो.”

जिना उतरता उतरता थांबल्या. “पैसे थोडे कमी आले तरी चालतील. घेणाऱ्याला शॉक बसायला नको.”

रविवारी बीव्हीके अय्यंगार रोडला जुन्या सामानाचा बाजार भरतो. तिथे अशा डब्यांची जाहिरात एकाच वाक्यात होते : ‘लावून बघितला, लाल दिवा लागतो.’ लाल दिवा लागतो याचा अर्थ ट्रान्सफॉर्मरची एक वायंडिंग शाबूत आहे, एवढाच. बाकी डब्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

साडेनऊ

अंगठी काढली, घड्याळ काढलं. मग स्क्रू. झाकण निघालं तसा वास घेतला. हसू नका, नाक हे पहिलं मीटर आहे. जळक्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही. इथे नुसती धूळ आणि उंदराच्या लेंड्या. ब्रशनं झाडून काढलं, ओला कपडा अजिबात नाही.

व्हॉल्व्ह एकेक करून काढले आणि कुठला कुठून निघाला ते कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलं. दोन ईएल ३४, एक जीझेड ३४ रेक्टिफायर, दोन ईसीसी ८३. काचेच्या आत आरशासारखा चंदेरी डाग असतो तो बघायचा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. इथे पाचही चंदेरी. ईएल ३४ वरची अक्षरं पुसून गेलीत, त्यामुळे कुठले ते सांगता येत नाही. माझ्या खणात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल ८४ आहेत, खोक्यासकट. ‘बेल’ची स्थापना १९५४ ची, जालहळ्ळीत, आणि रेडिओचे व्हॉल्व्ह तिथे १९६१ पासून बनू लागले. एके काळी या गावात बनलेली वस्तू आज परदेशी हौशी लोक नाव घेऊन मागतात. इथल्या पोरांना ते सांगितलं तर खोटं वाटतं.

चासी उलटी केली. खरं पुस्तक खालच्या बाजूला असतं. मेन कॉर्ड दोन पिनांची, कापडी वेष्टणाची, चासीत शिरते तिथे उघडी पडलेली. अर्थिंग नाही. फ्यूजच्या जागी किटकॅटची जाड तार गुंडाळलेली. लग्नात फ्यूज उडाला असेल, मुहूर्त थांबणार नव्हता, कुणीतरी तार ओढली आणि ती तशीच राहिली. फेजपासून चासीला गेलेला एक छोटा कंडेन्सर. तो शॉर्ट झाला की अख्खी चासी फेजवर, आणि तिलाच जोडलेला माइक गाणाऱ्याच्या हातात. तो आधी कापून काढला.

साडेदहा

आता मल्टिमीटर, अजूनही लाइन नाही. मेन ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी सात ओहम, ठीक. सेकंडरीचे दोन्ही अर्धे जवळजवळ सारखे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचेही दोन्ही अर्धे बघितले. त्यातला एक तुटलेला असेल तर डब्याची निम्मी किंमत तिथेच गेली. दोन्ही लागले. मग मेगर. प्रायमरी आणि चासी यांच्यामध्ये ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन किती ते मोजायचं. काटा शंभर मेगओहमच्या पलीकडे गेला. समुद्रकाठावरून आलेल्या सेटांत हा आकडा बरेचदा रडवतो. आत ओल धरलेली असते, तारांना हिरवं चढलेलं असतं. बंगळूरची हवा जुन्या ट्रान्सफॉर्मरला मानवते.

एक सांगून ठेवतो, कारण पुष्कळ लोक अॅम्प्लिफायर आणि जुना टेबल रेडिओ एकाच मापानं मोजतात. यूएल, यूसीएल अशा नावाचे व्हॉल्व्ह असलेल्या रेडिओंत पुष्कळदा मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. चासी सरळ लाइनला जोडलेली. प्लग उलटा बसला की तिच्यावर २३०. तो सेट उघडा चालवायचा असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच लागतो. आजच्या डब्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणून त्याला तीन पिनांची कॉर्ड देऊन चासी अर्थ करता येते.

साडेअकरा

सुटे भाग आणायला एस.पी. रोड. चालत जायचं अंतर, पण या वेळेला चालणं म्हणजे हातगाड्यांच्या मधून वाट काढणं. यादी छोटी : तीन कोअरची कॉर्ड, फ्यूज होल्डर, १ अँपिअरचे हळू उडणारे फ्यूज, ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे कंडेन्सर, ०.१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचे चार.

काउंटरवरचा मुलगा ओळखीचा. “अण्णा, ४७ कशाला? २२० घ्या, आवाज भरीव येईल.”

हा सल्ला दर वेळी फुकट मिळतो. जीझेड ३४ च्या पुढे पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा लावायचा नाही, हे त्या व्हॉल्व्हच्या डेटाशीटवरच छापलेलं आहे. मोठा लावला तर चालू करताना तो एवढा करंट ओढतो की आत ठिणगी पडते आणि रेक्टिफायर जातो. ४७ च घेतले. येताना बाय-टू कॉफी घेतली, गोदामाचा वॉचमन वाट बघतच होता.

दुपारी १

कॉर्ड बदलली. हिरवी तार चासीला, स्वतंत्र बोल्टवर, खाली दातेरी वॉशर आणि रंग खरवडून. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली ती कोंबायची नाही, कारण उद्या कुणी ट्रान्सफॉर्मर काढला की अर्थही निघतो. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला, मग ट्रान्सफॉर्मरला. जुना स्विच न्यूट्रलमध्ये होता. म्हणजे यजमान डबा ‘बंद’ करत तेव्हासुद्धा आत फेज जिवंत असायची. टॅपिंग २२० वर होतं, ते २४० वर घेतलं. पेटेत रात्री दुकानं बंद झाली की लाइन २४० च्या वर जाते, आणि टॅपिंग खाली असलं की व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला रोज जास्त व्होल्टेज खावं लागतं.

जेवण डब्यातलं. घाई नसती तर बळेपेटेत उडुपी श्रीकृष्ण भवनात सागू डोसा खाल्ला असता. १९२६ पासूनचं हॉटेल आहे, आणि तिथे गेलं की तासाभरात कुणी परत येत नाही.

दुपारी २

आता बल्ब. सिरीज लॅम्पचं काम सोपं आहे. डब्यात शॉर्ट असेल तर सगळी लाइन बल्बवर येते, बल्ब भगभगीत पेटतो आणि डबा वाचतो. शॉर्ट नसेल तर बल्ब क्षणभर उजळून विझतो. बल्ब मात्र जुना, तारेचाच पाहिजे. एलईडी इथे काहीच सांगत नाही, म्हणून तारेचे शंभर वॅटचे बल्ब मी कापसात जपून ठेवलेत.

सगळे व्हॉल्व्ह बाहेर. स्विच दाबला. बल्ब लुकलुकला आणि काळा झाला. दहा मिनिटं तसंच ठेवलं. ट्रान्सफॉर्मर थंड, गुणगुण नाही. हीटरच्या पिनांवर ६.४. दुपारचे दोन वाजलेत आणि या डब्याला लाइन आत्ता मिळाली. वीज या भागाला नवी नाही म्हणा. ५ ऑगस्ट १९०५ ला शिवनसमुद्राहून आलेल्या विजेवर बंगळूरचे पहिले रस्त्यावरचे दिवे लागले ते इथून हाकेच्या अंतरावर, आज जिथे के.आर. मार्केट आहे त्या बाजूला.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी. मागे एक गिऱ्हाईक मला म्हणालं, “घरात आरसीसीबी आहे, मग भीती कसली?” भीती ही, की आरसीसीबी फक्त मेन लाइनमधली गळती बघतो. या डब्यात ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे चारशे व्होल्टची वेगळीच दुनिया आहे. तिचा करंट तुमच्या हातातून चासीत आणि चासीतून परत सेकंडरीत जातो. मेन लाइनला त्याचा पत्ताच लागत नाही. आरसीसीबी शांत बसून राहील. प्लग काढला तरी धोका संपत नाही, कारण कंडेन्सर भरलेले असतात. १०० मायक्रोफॅरडवर ४५० व्होल्ट म्हणजे दहा ज्यूल, छातीतून आरपार जायला नकोत एवढे.

म्हणून माझे नियम आहेत आणि ते मी कुणासाठी मोडत नाही. चालू डब्यात एकच हात, डावा खिशात. मीटरची काळी क्लिप आधी चासीला लावून ठेवायची, लाल टोक उजव्या हातात. खोलीत दुसरा माणूस असायला हवा आणि त्याला स्विच कुठे आहे ते माहीत हवं. वॉचमनला मी पहिल्याच दिवशी ते शिकवलं : मी चिकटलो तर मला हात लावायचा नाही, भिंतीवरचा लाल खटका पाडायचा. बंद केल्यावर १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स क्लिपांनी कंडेन्सरवर लावायचा, मीटरवर शून्य बघायचं आणि काम संपेपर्यंत क्लिप तशीच ठेवायची. मोठे कंडेन्सर रिकामे केले तरी थोड्या वेळानं आपोआप काही व्होल्ट परत वर येतात. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करणारे उस्ताद मी पाहिलेत. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरांची टोकं वितळलेली असतात.

दुपारी ३

डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज वाढवत न्यायचं, असं सगळेच सांगतात. अर्धवट बरोबर आहे. व्हॉल्व्ह रेक्टिफायरचा हीटर पुरेसा तापल्याशिवाय तो करंटच देत नाही. डिमरस्टॅट साठवर, ऐंशीवर आणला तरी कंडेन्सरला काही मिळत नाही, आणि पुढे कुठेतरी एकदम मिळू लागतं. ज्या कंडेन्सरला हळू हळू उठवायचं तोच दचकतो. म्हणून मी एका फुटक्या व्हॉल्व्हच्या बेसवर डायोड बसवून ठेवलेत, प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये, कारण ३५०-०-३५० च्या सेकंडरीत उलटं व्होल्टेज हजाराच्या घरात जातं. जीझेड ३४ च्या जागी तो बेस, मध्ये मोठा रेझिस्टन्स, आणि मग डिमरस्टॅट शून्यापासून.

कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून राहिला की त्याच्या आतला ऑक्साइडचा थर झिजतो. हळूहळू व्होल्टेज दिलं तर तो परत धरतो, आणि गळती कमी कमी होत जाते. चासीवरच्या अॅल्युमिनियमच्या डब्यात दोन भाग होते. पहिल्याची गळती शंभर, दोनशे, अडीचशे व्होल्टला उतरत गेली. दुसऱ्याची अडीचशेला चढू लागली आणि डबा कोमट झाला. निकाल लागला. एक भाग धरला म्हणून तो ठेवायचा, असं मी करत नाही. दोन्ही तारा तोडल्या, नवे ४७ चे कंडेन्सर खाली बसवले, जुना डबा वर तसाच शोभेला राहू दिला. घेणाऱ्या हौशी लोकांना वरून मूळ रूप हवं असतं, तेवढं त्यांना द्यावं.

डिमरस्टॅट पूर्ण २३० वर नेला नाही. पॉवर व्हॉल्व्ह बाहेर असताना करंट ओढणारं कुणी नसतं. ३५० ची सेकंडरी मग ४९५ पर्यंत चढते आणि ४५० चे नवे कोरे कंडेन्सर पहिल्याच दिवशी मरतात. मीटर ४०० ला आलं तिथे हात थांबवला.

साडेचार

दिवसातली सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं ही. पॉवर व्हॉल्व्ह अजून बाहेर. ईएल ३४ च्या बेसची पाच नंबरची पिन म्हणजे ग्रिड. तिथे मीटर लावायचं. आकडा शून्य यायला हवा.

पहिल्या बेसवर शून्य. दुसऱ्यावर मीटर चार, सात, नऊ करत अकरावर जाऊन थांबलं.

याचा अर्थ मागच्या व्हॉल्व्हकडून येणारा कागदी कंडेन्सर गळतोय. आवाज पुढे सोडायचा आणि व्होल्टेज अडवायचं, हे त्याचं काम. त्यानं अडवणं सोडलंय. ग्रिडवर अकरा व्होल्ट घेऊन ईएल ३४ बसवला असता तर त्याची प्लेट पाच मिनिटांत लाल झाली असती. आणि गंमत ही, की तोवर आवाज चांगलाच आला असता! बाजारात ‘लावून बघितला, मस्त वाजतो’ म्हणतात तो हाच डबा. घरी नेल्यावर आठवड्यात व्हॉल्व्ह जातो, त्याच्यामागे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि तो तर पैसे मोजूनही मिळत नाही.

लाइन बंद, क्लिप, मीटरवर शून्य. मग चारही कागदी कंडेन्सर काढून नवे लावले. परत पाच नंबरची पिन : दोन्हीकडे शून्य. जुने सगळे कंडेन्सर एका प्लास्टिकच्या पिशवीत भरले, पिशवी डब्याबरोबर जाईल.

साडेपाच

खाली रस्ता आता भरलाय. लग्नसराईच्या साड्या, ऑटोवाल्यांची कन्नडमधली भांडणं. खिडकी लावून घेतली, कारण डब्याचा आवाज ऐकायचाय.

आउटपुटला ८ ओहम, १०० वॅटचा रेझिस्टन्स जोडला. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर बिनलोडचा वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्येच व्होल्टेज उसळतं आणि आत ठिणगी पडते. ट्रान्झिस्टरच्या सवयीचे लोक नेमके हेच करतात, ‘स्पीकर नंतर जोडू’ म्हणून. माझा चांगला स्पीकरही मी आत्ता देणार नाही.

जीझेड ३४ परत जागेवर, ईसीसी ८३, मग ईएल ३४. आधी बल्बच्याच सॉकेटवर. या वेळी बल्ब विझत नाही, निम्मा उजेड राहतो, कारण डबा आता खरंच करंट घेतोय. प्लेटा काळ्या. खोलीतला दिवा बंद करून बघितलं, लाली कुठेच नाही. मग थेट लाइन.

प्लेटवर ४१०. कॅथोडला ५६० ओहमचे रेझिस्टन्स, एकावर २८ व्होल्ट, दुसऱ्यावर साडेसव्वीस. म्हणजे एकात ५० मिलिअँपिअर, दुसऱ्यात ४७. प्लेट आणि कॅथोडमधलं व्होल्टेज ३८२, गुणिले ५०, म्हणजे साधारण १९ वॅट. ईएल ३४ ची मर्यादा २५. जोडी पुष्कळ जुनी दिसते, पण दोघे एकमेकांना धरून आहेत.

संध्याकाळी साडेसहा

१ किलोहर्ट्झचा सूर सोडला, स्कोपवर लाट बघितली. टोकं चपटी होऊ लागली तेव्हा लोडवर १४ व्होल्ट होते. चौदाचा वर्ग भागिले आठ, साडेचोवीस वॅट. पट्टीवर तीस लिहिलंय; मी साडेचोवीस लिहीन. माइकचा पॉट खरखरत होता, त्यात क्लीनर मारला. बाकी किरकोळ.

मग दुकानातला जुना स्पीकर जोडला आणि रेडिओ लावून दिला. हा डबा दोन तास सलग चालायला हवा. अर्ध्या तासात बिघडत नाही ते दीड तासानं बिघडतं. ट्रान्सफॉर्मर गरम झाला, पण हात ठेवता येतो इतपत. दोन तासांनी प्लेटचं आणि कॅथोडचं व्होल्टेज परत मोजलं. हललेलं नाही.

रात्री ९

चिठ्ठी लिहिली आणि झाकणाच्या आतून चिकटवली. तारीख, बदललेले भाग, मोजलेले आकडे, टॅपिंग २४० वर, फ्यूज १ अँपिअरचाच लावावा, लोड जोडल्याशिवाय चालू करू नये. जे केलं नाही तेही लिहिलं : व्हॉल्व्ह टेस्टरवर तपासलेले नाहीत, १०० व्होल्ट लाइनचं आउटपुट तपासलेलं नाही.

आजींना फोन केला. “चांगला आहे. घेणाऱ्याला चिठ्ठी वाचायला सांगा.”

“शॉक?”

“नाही बसणार. झाकण उघडून आत हात घातला नाही तर.”

तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल आणि विकायचा असेल, तर तो लावून बघू नका. आणि जाहिरातीत ‘चालू स्थितीत’ असं लिहू नका. ‘बरीच वर्षं बंद, लाइन दिलेली नाही’ असं लिहा. जाणकार माणूस त्या वाक्याला चार पैसे जास्त देतो.